नाशिकहून नॉर्थ पॅसिफिक कॅनरीला: मासळीचा जुना कारखाना नीट कसा पाहावा

मुलाकडे किंवा लेकीकडे कॅनडाला निघालेल्या आई-बाबांची सहलीची यादी साधारण ठरलेली असते. नायगारा, बॅन्फ, व्हँकुव्हर, दोन-तीन मॉल, एखादं देऊळ, आणि उरलेला वेळ नातवंडांना शाळेतून आणणं. या यादीत एक आडबाजूची जागा घालावी असं मला वाटतं. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर, स्कीना नदीच्या मुखाशी, लाकडी खांबांवर अर्धा जमिनीवर आणि अर्धा पाण्यावर उभा असलेला एक जुना कारखाना आहे. नाव नॉर्थ पॅसिफिक कॅनरी. सॅल्मन मासा डब्यात भरून विलायतेला पाठवायचा, हे त्याचं काम. १८८९ मध्ये तो सुरू झाला, १९८१ मध्ये कायमचा थांबला आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाला. त्या किनाऱ्यावर एकेकाळी अशा कारखान्यांची रांग होती. बहुतेक जळाले, सडले किंवा पाडले गेले. हा जवळजवळ गावासकट उरला.

शाकाहारी घरातल्या माणसाने मासळीचा कारखाना कशाला बघायचा, असं विचारणारे भेटतातच. त्यांना मी एवढंच सांगतो की तिथे आता मासे नाहीत, वासही नाही, आणि प्रश्न माशांचा नाहीच. नाशिक जिल्हा द्राक्ष, कांदा, टोमॅटोवर जगतो. नाशवंत माल, तोकडा हंगाम, बाहेरून येणारे मजूर आणि दूरची बाजारपेठ ही चौकट आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही. तीच चौकट तिथे पूर्ण मांडून ठेवलेली आहे. फक्त ती यंत्रांच्या आड आहे, म्हणून कशी पाहायची ते आधी माहीत असलेलं बरं.

कधी जायचं, किती दिवस काढायचे

संग्रहालय साधारण मे ते सप्टेंबर उघडं असतं. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी आठवड्यातले काही वार बंद असतात, म्हणून त्या वर्षाचं वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर पाहूनच तिकिटं काढा. जुलै-ऑगस्ट सर्वांत सोयीचे. तेव्हा रात्री नऊच्या पुढेही उजेड असतो आणि पाऊसही त्यातल्या त्यात कमी. ‘त्यातल्या त्यात’ हे शब्द नीट वाचा. जवळचं शहर प्रिन्स रुपर्ट हे कॅनडातल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक आहे, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. इगतपुरीला चार महिन्यांत कोसळतो त्या जातीचा हा पाऊस नव्हे. हा बारा महिने रिमझिमत राहतो.

कारखान्यासाठी एक पूर्ण दिवस धरा. प्रिन्स रुपर्टमध्ये किमान तीन रात्री ठेवा, कारण धुक्यामुळे विमानं रद्द होतात आणि मालगाड्यांमुळे रेल्वे रखडते. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशी इथून निघण्याचा बेत आखू नका.

व्हिसा

हे थोडक्यात उरकतो. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, अर्ज ऑनलाइन करायचा आणि बोटांचे ठसे-फोटो द्यायला नाशिककरांना बहुधा मुंबई गाठावी लागते. एकदा दिलेले ठसे दहा वर्षं चालतात. मूल तिथलं नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा असतो. त्यावर एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. साध्या व्हिसाला विमा सक्तीचा नसला तरी काढाच. प्रिन्स रुपर्टसारख्या ठिकाणी मोठं दुखणं निघालं तर व्हँकुव्हरला हलवावं लागू शकतं आणि त्याचं बिल आपल्या कल्पनेपलीकडचं असतं.

तिथे गाडी चालवायची असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढून घ्या. तो एक वर्ष चालतो. मूळ परवानाही सोबत ठेवा.

व्हँकुव्हरहून प्रिन्स रुपर्ट

मुंबईहून व्हँकुव्हरला एक तरी थांबा घेऊन पोचता. खरा प्रवास त्याच्या पुढे. वाटा तीन, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

विमान सर्वांत झटपट, साधारण दोन तास. गंमत उतरल्यावर आहे. विमानतळ डिग्बी नावाच्या बेटावर. तिथून बस निघते, बस बोटीवर चढते, बोट खाडी ओलांडते आणि मग बस शहराच्या मध्यात सोडते. परतताना हेच उलटं. म्हणजे तिकिटावर छापलेली वेळ विमानाची, तुमची खरी वेळ शहरातून सुटणाऱ्या बसची. ती चुकली तर बेटावर जायला टॅक्सी नाही. हॉटेलात सामान टाकण्याआधीच बसची वेळ आणि जागा विचारून ठेवा.

रेल्वे हवी असेल तर रॉकी पर्वतातल्या जॅस्पर गावाहून गाडी आहे. आठवड्यातून तीनदा, फक्त दिवसा धावते, रात्री प्रिन्स जॉर्जला थांबते. तिथल्या मुक्कामाची खोली आपली आपण बुक करायची. बर्थ नाहीत, बसून जायचं. बॅन्फ-जॅस्पर करणार असाल तर हा जोड उत्तम बसतो. दुसऱ्या दिवशी डाव्या खिडकीशी बसा. रूळ स्कीनाच्या उत्तर काठाने जातात, त्यामुळे नदी डावीकडे, आणि प्रिन्स रुपर्ट यायच्या थोडं आधी कॅनरीचीही लाकडी छपरं त्याच बाजूला दिसतात. ही रेल्वे १९१४ मध्ये पोचली. शहर वसवण्याचं स्वप्न पाहणारा रेल्वेचा अध्यक्ष चार्ल्स हेज त्याआधीच, १९१२ मध्ये, टायटॅनिकवर बुडाला होता.

तिसरी वाट समुद्राची. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकावरच्या पोर्ट हार्डीहून उन्हाळ्यात मोठी फेरीबोट निघते आणि दिवसभरात, सोळाएक तासांनी, प्रिन्स रुपर्टला लावते. दोन्ही बाजूंनी डोंगर, मधून निमुळता पाण्याचा रस्ता. तब्येत आणि खिसा साथ देत असेल तर माझं मत हिला. पण पोर्ट हार्डीला पोचणं हाच एक दिवसाचा वेगळा प्रवास आहे. त्यामुळे जाताना फेरीबोट आणि येताना विमान असं जुळवलेलं चांगलं. सगळा रस्ता गाडीने करायचा म्हणजे एका बाजूने दीड हजार किलोमीटर. लहान मुलं किंवा सत्तरी ओलांडलेले आजोबा सोबत असतील तर नको.

शेवटचे वीस किलोमीटर

प्रिन्स रुपर्टहून कॅनरी वीसेक किलोमीटरवर, पोर्ट एडवर्ड या छोट्या गावाच्या पुढे. हमरस्ता सोडून स्कीना ड्राइव्हवर वळलात की एका हाताला जंगल, दुसऱ्या हाताला रूळ आणि पाणी. पत्त्यातला क्रमांक आणि स्थापनेचं साल एकच, १८८९, त्यामुळे विसरायची सोय नाही. पोर्ट एडवर्डच्या बाजूला सार्वजनिक बस जाते, पण फेऱ्या मोजक्या असतात. परतीची शेवटची बस कधी, हे चढतानाच चालकाला विचारून घ्या. चार माणसं असाल तर गाडी भाड्याने घेणं परवडतं. वाटेत फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा.

निघण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करा: त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. सरकारी मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. इथे भरती-ओहोटीतला फरक सात मीटरपर्यंत जातो, म्हणजे दोन मजल्यांइतका. भरतीला पाणी थेट फळ्यांखाली चुबचुबत असतं आणि कारखाना तरंगल्यासारखा वाटतो. ओहोटीला त्याच फळ्यांखालून खांबांचं जंगल आणि चिखल उघडा पडतो. ओहोटीच्या सुमाराला पोचा आणि पाणी चढेपर्यंत थांबा. माल उतरवणाऱ्याला दिवसातून दोनदा बदलणाऱ्या उंचीशी कसं झुंजावं लागत असेल, ते पाटी न वाचता कळतं.

अंगावर काय, पिशवीत काय

छत्री हॉटेलात ठेवा. वारा ती उलटी करतो आणि आत यंत्रांमधून चालताना अडथळाच होतो. टोपीचं पावसाळी जाकीट, आत लोकरीचा स्वेटर, आणि पकड असलेले बूट. चालायच्या वाटा लाकडी फळ्यांच्या आहेत, ओल्या झाल्या की बऱ्यापैकी निसरड्या. साडी नेसणाऱ्या मावशी-आजींना त्या दिवसापुरती सलवार-कमीज सोयीची. आत गरम केलेल्या इमारती थोड्याच, आणि पाण्यावरचा गारवा फळ्यांच्या फटींतून पायाला लागतो, म्हणून मोजे जाड घ्या. फोन किंवा कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी.

आत गेल्यावर पहिली फेरी: माशाच्या मागे

पोचल्याबरोबर खिडकीवर मार्गदर्शकासोबतची पुढची फेरी कधी आहे ते विचारा आणि तिची वेळ धरून बाकीचा दिवस बसवा. फेरीआधी वेळ असेल तर भटकू नका. धक्क्यावर जा आणि मासा ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने चालत या. उलट्या बाजूने शिरलेल्याला पट्टे आणि चाकं दिसतात, काम दिसत नाही.

धक्क्यावर मासा उतरायचा. पुढे कापणीचं यंत्र: डोकं, शेपटी, पर उडवायचं, पोट फाडून साफ करायचं. हे यंत्र सिएटलच्या एडमंड स्मिथने १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनवलं. त्याआधी हे काम सुरा घेतलेले चिनी कारागीर करत, आणि यंत्राला बाजारात जे नाव दिलं गेलं ती सरळसरळ त्यांच्या वंशाला दिलेली शिवी होती. ज्यांचं काम हिसकावलं त्यांचीच टिंगल यंत्राच्या नावात. मार्गदर्शक हा विषय टाळत नाहीत. तुम्हीही विचारायला संकोचू नका.

त्यानंतर धुण्याची टेबलं. यंत्रातून सुटलेलं रक्त, खवले, पातळ पडदे गार पाण्यात हाताने काढायचे. मग डब्याच्या उंचीएवढे तुकडे, डब्यात भरणं, चिमूटभर मीठ. तेल नाही, पाणी नाही, टिकवायला औषध नाही. सॅल्मन आपल्याच तेलात शिजतो. मग झाकण, आतली हवा काढणं, कडा दुमडून घट्ट करणं, आणि शेवटी रिटॉर्ट: लोखंडाची लांबोळकी भट्टी, जिच्यात डब्यांनी भरलेले गाडे रुळावरून ढकलत नेत आणि दार आवळून दाबाखालच्या वाफेत तासा-दीड तासाच्या आसपास ठेवत. पाण्याच्या उकळीपेक्षा जास्त तापमान लागतं, कारण डब्यात वाढणारे जीवघेणे जंतू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. काटेही एवढे मऊ होतात की मासा काट्यांसकट खाता येतो.

रिटॉर्टपाशी आलात की थांबा आणि मार्गदर्शकाला डबे तपासण्याबद्दल विचारा. गार झालेल्या डब्यांच्या रांगांवरून एक माणूस बारीक सळई घेऊन फिरायचा आणि प्रत्येक झाकणावर टक-टक करत जायचा. घट्ट बसलेल्या डब्याचा आवाज खणखणीत, हवा शिरलेल्याचा बद्द. हजारो डबे, एकेक ठोका, आणि कान चुकला तर विलायतेत कुणीतरी आजारी. बाजार वर-खाली झाला, यंत्रं बदलली, तरी कितीतरी वर्षं मालाची शेवटची जबाबदारी एका माणसाच्या कानावर होती. चांगले डबे मग धुऊन, चिठ्ठी लावून, एका पेटीत अठ्ठेचाळीस असे भरले जात. कारखान्याची सगळी मोजदाद याच पेट्यांत.

वरच्या भागातली यंत्रांची आणखी एक ओळ बघायला विसरू नका. सुरुवातीला डबे पत्र्यातून हाताने कापून, डाग देऊन तिथेच घडवत. पुढे ते तयार येऊ लागले, पण चपटे दाबलेले, कारण रिकामा गोल डबा जहाजात नुसती हवा वाहून नेतो. इथली यंत्रं त्या चपट्या नळ्या पुन्हा गोल करत आणि बूड बसवत.

जाळ्यांच्या माळ्यावर द्राक्ष बागायतदाराने जरा जास्त वेळ काढावा. नायलॉन येण्याआधी जाळी लिननच्या सुताची असत आणि माशांचा चिकटा, शेवाळ, कुजणं यांनी हंगाम संपायच्या आत खलास होत. त्यावर उपाय मोरचुदाच्या पाण्याचे हौद. बोर्डो मिश्रण करताना आपण घेतो तोच निळा खडा. फवारणी करून निळी पडलेली बोटं ज्याने पाहिली आहेत त्याला इथल्या हौदांशी ओळख करून द्यावी लागणार नाही.

दुसरी फेरी: माणसांच्या मागे

इथे बहुतेक लोक परत फिरतात, आणि माझ्या मते इथून पुढचं पाहिलं नाही तर एवढ्या लांब यायचं कारण उरत नाही. चहा प्या आणि पुन्हा सुरुवात करा. या वेळी प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: इथे कोण उभं होतं, आणि रात्री झोपायला कुठे जात होतं?

उत्तर वंशावर ठरायचं. धुण्याच्या आणि भरण्याच्या टेबलांवर त्सिमशियन, हैदा, निस्गा, गिटक्सन अशा मूळ रहिवासी समाजातल्या बाया, कित्येकदा लेकरं सोबत घेऊन. त्यांचे पुरुष बोटींवर. कापणी, भट्टी, डबे हे चिनी मजुरांचं. बोटी बांधणं-दुरुस्ती आणि मासेमारी यांत जपानी. व्यवस्थापक, हिशेबनीस, मिस्त्री बहुधा गोरे. आणि प्रत्येकाची वस्ती वेगळी. व्यवस्थापकाचं घर ऐसपैस, चिनी मजुरांना एकत्र खोपटी, मूळ रहिवाशांना लहान घरांची ओळ. सगळ्या वस्त्या आज उभ्या नाहीत. म्हणून नकाशाची प्रत हातात घ्या आणि मोकळ्या जागाही पाहा. टिकावं म्हणून काय बांधलं होतं आणि काय नव्हतं, ते तिथेच दिसतं.

चिनी मजुरांची पद्धत तर आपल्याकडच्या कुणालाही एका वाक्यात कळेल: मुकादम आणि उचल. कारखाना मजुराशी बोलतच नसे. तो कंत्राटदाराशी दर पेटीमागे भाव ठरवी. कंत्राटदार हंगामाआधी उचल देऊन माणसं गोळा करी, त्यांना तांदूळ-किराणा पुरवी आणि हंगामाच्या शेवटी ते सगळं पगारातून कापून घेई. मासा कमी आला की पेट्या कमी, आणि खाल्लेलं मात्र तेवढंच. ऊसतोडीची टोळी ज्याने जवळून पाहिली आहे, किंवा पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या बागांत येणाऱ्यांचा हिशेब ऐकला आहे, त्याने इथल्या मार्गदर्शकाला याबद्दल खोदून विचारावं. फार कमी पाहुणे विचारतात, आणि विचारलं की ते खुलतात.

हे मजूर देशात आले कसे, तेही लक्षात असू द्या. कॅनडाने १८८५ पासून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक चिनी माणसावर प्रवेशकर लावला, आधी ५० डॉलर, १९०३ पासून ५००. १९२३ मध्ये तर त्यांचं येणं जवळजवळ बंदच केलं, ते १९४७ पर्यंत. जपान्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, किनाऱ्यावरच्या सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना घरादारासकट उठवून आतल्या भागात नेलं. त्यातले बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. त्यांच्या हजारावर मासेमारी बोटी सरकारने ताब्यात घेऊन विकल्या.

बोटींपाशी उभे असाल तेव्हा शिडं बघा. या उत्तर किनाऱ्यावर १९२४ पर्यंत मासेमारीच्या बोटीला इंजिन लावायला बंदी होती. दक्षिणेला यंत्रबोटी फिरत असताना इथले कोळी वल्ही मारत आणि शिडं ओढत होते. वाफेवरची बोट त्यांची माळ ओढत मासेमारीच्या जागी सोडून येई, पुढचं ज्याचं त्याने.

मुलं सोबत असतील तर ही दुसरी फेरी त्यांना कंटाळवाणी होते, हे कबूल. त्यांना कंपनीच्या दुकानात वेळ काढू द्या. जुने डबे, पेट्या, चिठ्ठ्यांवरची रंगीत चित्रं यांत ती रमतात.

पोटापाण्याचं

हंगामात आवारात खानावळ चालते. तिथे मासे असणारच. शुद्ध शाकाहारी असाल तर प्रिन्स रुपर्टच्या सुपरमार्केटातून सकाळीच ब्रेड, फळं, दही घेऊन या. घरून नेलेला नाशिकचा चिवडा अशा वेळी खरा उपयोगी पडतो, पण विमानतळावर कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहा. लिहिलं तर बहुतेक वेळा नुसतं पाहून सोडतात. न लिहिता सापडलं तर दंड होतो.

हाताशी आणखी वेळ असेल तर, आणि इतकं लांब जमणार नसेल तर

प्रिन्स रुपर्टमधलं उत्तर ब्रिटिश कोलंबियाचं संग्रहालय कॅनरीच्या आदल्या दिवशी पाहा, नंतर नको. कारखाने येण्यापूर्वी हजारो वर्षं याच नद्यांचा सॅल्मन वाळवून, धुरी देऊन साठवणारे समाज इथे होते, हे डोक्यात ठेवून कॅनरीत शिरलं की धुण्याच्या टेबलावरची बाई नुसती मजूर दिसत नाही.

आणि उत्तरेचा बेत जमलाच नाही, तर व्हँकुव्हरजवळ रिचमंडमध्ये स्टीव्हस्टन या बंदरावर गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी आहे. १८९४ ची, १९७९ मध्ये बंद पडलेली, आता संग्रहालय. शहरी रेल्वे आणि बसने अर्ध्या दिवसात होते आणि हिवाळ्यातही पाहता येते. भोवती गजबज आहे, वस्त्यांचा तो उघडा नकाशा तिथे मिळत नाही, पण डब्यांची ओळ छान समजावतात. दोन्ही करणार असाल तर आधी स्टीव्हस्टन करा. यंत्रांची ओळख तिथे उरकली की उत्तरेतला दिवस दुसऱ्या फेरीसाठी मोकळा राहतो.